भिंत नसलेला दरवाजा: जुन्या गोव्यातले तीन दिवस

गोव्याला चाललोय म्हटल्यावर शेजारच्या काकूंनी बाबांना विचारलं, "काय, या वयात?" बाबा शांतपणे म्हणाले, "दरवाजा बघायला चाललोय." काकूंना वाटलं, फर्निचरची भानगड असेल.

बाबा बांधकाम खात्यात ओव्हरसियर होते. निवृत्त होऊन तेरा वर्षं झाली, पण पाच मीटरचा स्टीलचा टेप खिशातून सुटलेला नाही. तीन वर्षांपूर्वी सगळे मिळून गोव्याला गेलो होतो, तेव्हा जुन्या गोव्यात बसच्या खिडकीतून त्यांना एक दगडी चौकट दिसली. नुसती चौकट. बाजूला भिंत नाही, वर छप्पर नाही, मागे वाडा नाही. गाईडनं बस थांबवली नाही, कारण पुढे जेवणाची वेळ ठरलेली. तेव्हापासून घरात गोव्याचा विषय निघाला की बाबा म्हणायचे, "ती चौकट राहिली." शेवटी यंदा जुलैच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघंच निघालो. आईनं "पावसात कोण मरायला जातंय" म्हणून अंग काढून घेतलं.

दिवस पहिला

आम्ही करमळीला उतरलो. जुन्या गोव्याला जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा: मडगावपर्यंत जाऊन उलटं यायचं काही कारण नाही. करमळी स्टेशनपासून जुनं गोवं रिक्षानं पाच-दहा मिनिटांवर आहे. स्टेशनाला लागूनच तळं आहे, पावसाळ्यात ते भरून भाताच्या खाचरांशी एक होतं. गाडीतून उतरल्या उतरल्या समोर तेवढंच दिसत होतं, पाणी आणि हिरवा रंग. पाऊस तिरका येत होता. बाबांनी छत्री उघडली, ती लगेच उलटी झाली. गोव्यात पावसात छत्री नेऊ नका, रेनकोट न्या, हा या प्रवासातला पहिला धडा आम्ही फलाटावरच शिकलो.

मुक्काम रायबंदरला, एका जुन्या घरात वरच्या मजल्यावरची खोली. मालकीणबाईंना आम्ही पहिल्या दिवसापासून माई म्हणायला लागलो. साठीच्या असतील. त्या कोंकणी बोलायच्या, आम्ही मराठी, आणि कोणाचंच कोणावाचून अडलं नाही. "खंयचे तुमी?" "ठाण्याचे." "पावस हाडलो मरे तुमी!" आम्हीच पाऊस आणल्यासारखं. जिना लाकडी, उंच आणि उभा. बाबांचा उजवा गुडघा कुरकुरतो. वर पोचल्यावर ते कठड्याला टेकून म्हणाले, "तो मास्करेन्हास बरोबर होता."

हा मास्करेन्हास कोण, ते सांगते. पण त्यासाठी आधी चौकटीपाशी जायला हवं.

दुपारी पाऊस जरा उघडला तसे आम्ही बसनं जुन्या गोव्याला गेलो. चौकातून नदीच्या बाजूला वळलं की आधी विजरईची, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीची, कमान लागते, आणि तिथून उजवीकडच्या बाजूला सेंट कॅजेटनचं चर्च. त्या चर्चच्या आवारालगत गवतात ती उभी आहे. बसमधून जेवढी वाटली होती त्यापेक्षा लहान. पुढे थोड्या पायऱ्या, मग काळ्या दगडाचे दोन घडीव खांब, त्यांवर आडवी दगडी तुळई, आणि बाजूला जाळीदार दगडी पडद्यांचे उरलेले तुकडे. संपलं. पलीकडे गवत आणि झाडं. दरवाजातून न जाता बाजूनं चार पावलं टाकली तरी माणूस आत, किंवा बाहेर, काय म्हणाल ते.

मला खरं सांगायचं तर क्षणभर फसल्यासारखं झालं. यासाठी रात्रभराचा प्रवास? पण बाबा गप्प होते, आणि ते गप्प असले की काहीतरी बघत असतात. मग म्हणाले, "कमान नाहीये बघ. मुसलमानी राजाचा वाडा, आणि दाराला कमान नाही. तुळई आहे. देवळाच्या गाभाऱ्यासारखी."

खरंच तसंच होतं. खांबांवरची नक्षी, त्यांचे एकावर एक चढवलेले चौकोनी आणि गोल टप्पे, हे सगळं आपण देवळाच्या मंडपात बघतो तसं. दगड आधीच्या एखाद्या देवळाचे असावेत असं म्हणतात. विजापूरच्या यूसुफ आदिलशहानं इथे मांडवीकाठी वाडा बांधला, तो वाडा म्हणजे एक गढीच होती. त्याआधी हा मुलूख कदंबांचा, मग विजयनगरचा. १४७२ मध्ये बहामनींच्या महमूद गवाननं तो घेतला. बहामनी राज्य फुटलं तेव्हा आदिलशहाकडे आला. म्हणजे वाडा बांधायला निघालेल्या माणसाला आजूबाजूला घडवलेल्या दगडांचा तोटा नव्हता. बाबांच्या भाषेत, "साइटवर मटेरियल आयतं होतं."

मग २५ नोव्हेंबर १५१० ला पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कनं शहर घेतलं. पोर्तुगीजांनी वाडा पाडला नाही, ते त्यात राहायला गेले. पण लगेच नाही. आधीचे गव्हर्नर शहरातल्या दुसऱ्या एका वाड्यात राहायचे, सबायोचा वाडा म्हणत त्याला. १५५४ मध्ये पेद्रो मास्करेन्हास हा विजरई आला, तोच सत्तरीचा. त्याला तिथले जिने चढवेनात, म्हणून तो या नदीकाठच्या गढीत राहायला आला, असं सांगतात. त्यानं रिकामा केलेला तो सबायोचा वाडा पुढे १५६० मध्ये इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाला, मिळाला. गोव्यातली माणसं त्याला नुसतं 'व्हडलें घर' म्हणत, नाव घ्यायची भीती. एका म्हाताऱ्याच्या गुडघ्यांमुळे कोणती इमारत कोणाच्या वाट्याला आली बघा. बाबांना ही गोष्ट मी गाडीत वाचून दाखवली होती, आणि रायबंदरचा जिना चढल्यापासून मास्करेन्हास त्यांचा माणूस झाला होता.

१५५४ पासून १६९५ पर्यंत विजरई इथे राहिले. म्हणजे १६८३ च्या नोव्हेंबरात संभाजी महाराजांनी नदीच्या वरच्या अंगाला जुवे बेटावरचा किल्ला रात्रीत घेतला, तेव्हा घाबरलेलं शहर याच वाड्याकडे बघत होतं. विजरई काउंट द आल्वोर स्वतः जुव्यावर चालून गेला, जखमी होऊन परत आला, आणि नंतर बॉम जीझस चर्चमध्ये, म्हणजे बासिलिकात, जाऊन त्यानं संत फ्रान्सिस झेवियरच्या शवपेटीपाशी आपला अधिकाराचा दंड ठेवला: आता तूच सांभाळ. इतिहासाच्या पुस्तकात वाचताना हे फार लांबचं वाटतं. इथे उभं राहिलं की सगळं चालत जाण्याच्या अंतरात आहे, बासिलिका तर दहा मिनिटांवर.

पुढे रोगराईनं शहर खाल्लं. विजरईनं १६९५ मध्ये जवळच्या पानेलीला मुक्काम हलवला, १७५९ मध्ये पणजीला. वाडा ओस पडला, आणि १८२० मध्ये तो पाडून त्याचं सामान पणजीच्या बांधकामांसाठी नेलं. चौकट तेवढी का सोडली कोणास ठाऊक. बाबांचा अंदाज असा की शेवटची खेप भरली असेल आणि बैल दमले असतील.

गवत कापायचं यंत्र खांद्याला अडकवलेला एक माणूस आमच्याकडे बघत होता. पावसानं उसंत घेतली की त्याचं काम सुरू, पाऊस आला की झाडाखाली. बाबांनी टेप काढून खांबाला लावलेला पाहून तो जवळ आला. मराठी बोलत होता, पण वळण कानडी. कुठला म्हणून विचारलं तर म्हणाला, "गोल घुमटाच्या गावचा."

विजापूरचा! बाबांनी टेप खाली केला. मी म्हटलं, "मग हे कोणाचं आहे माहीत आहे का?"

"आमच्या गावच्या राजाचं," तो म्हणाला. "बोर्डावर लिवलंय की." आणि यंत्र सुरू करून पुन्हा गवताला लागला.

तेवढ्यात असा पाऊस आला की आम्ही कॅजेटनच्या पायऱ्यांकडे अक्षरशः पळालो. बाबा पळाले हे आईला सांगितलेलं नाही. हे चर्च रोमच्या सेंट पीटर्सच्या धर्तीवर बांधलेलं आहे, आतला घुमट उंच, आणि त्या घुमटाच्या बरोबर खाली जमिनीत एक विहीर आहे, झाकून ठेवलेली. चर्चच्या पोटात विहीर कशी, यावर तिथे बसलेल्या दोन कॉलेजच्या मुलांचा वाद चालला होता. आम्ही पाऊण तास बसलो. छपरावर पाऊस, आत मेणाचा आणि ओल्या चुन्याचा वास.

पाऊस थांबल्यावर विजरईची कमान. ही आदिलशाही शहराच्या वेशीवरच्या दरवाजाच्या जागी आहे असं मानतात. १५९९ मध्ये विजरई फ्रान्सिस्को द गामानं आपल्या पणजोबाच्या, म्हणजे वास्कोच्या, आठवणीसाठी ती उभारली. नदीच्या बाजूला वर कोनाड्यात वास्को उभा आहे. नवा विजरई जहाजातून उतरला की याच कमानीतून शहरात शिरायचा. आता कमानीतून फेरीबोटीचे स्कूटरवाले शिरतात, हॉर्न वाजवत. बाबांनी आतून दगड निरखले आणि निकाल दिला: "हे नवं आहे." बरोबर होतं. ती १९५४ मध्ये पुन्हा बांधून काढली आहे. मोडकी चौकट जुनी आणि धडकी कमान नवी, यावर ते दिवसभर खूश होते.

काही सूचना. चौकटीला तिकीट नाही, वेळ नाही, पण जांभ्याच्या पायऱ्यांवर शेवाळ असतं, रबरी तळव्याची चप्पल घाला. पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय असिसीच्या सेंट फ्रान्सिसच्या मठात आहे. ते शुक्रवारी बंद असतं, तेव्हा वार बघून जा. तिथे विजरईंची चित्रं ओळीनं लावलेली आहेत, आणि त्याच छपराखाली कदंबांच्या काळचे वीरगळही. दोघांनी एकमेकांकडे किती वर्षं बघायचं ते बघोत. बासिलिकात गुडघे झाकणारे कपडे घाला, प्रार्थना चालू असेल तर फोटो काढू नका.

बासिलिकाच्या बाहेर बाबा चिडले. तिचा दर्शनी भाग वसईहून आणलेल्या काळ्या दगडाचा आहे, बाकी भिंती जांभ्याच्या. त्या भिंतींवर चुन्याचा गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढून टाकला. म्हणूनच बासिलिका आज फोटोत तशी तांबडी दिसते. "जांभ्याला उघडं ठेवतात का कधी? स्पंजासारखं पाणी पितो तो! या पावसात?" आजूबाजूचे लोक सेल्फी काढत होते आणि हे भिंतीची नाडी बघितल्यासारखा हात लावून उभे.

रात्री रायबंदरला वीज गेली. माईंनी मेणबत्ती आणि गरमागरम उकड्या तांदळाची पेज, बरोबर सुक्या सुंगटांची, म्हणजे कोळंबीची, किसमूर आणली. मासेमारी बंद असते या दिवसांत, जुलैअखेरपर्यंत ट्रॉलर समुद्रात जात नाहीत, त्यामुळे पावसाळ्यातलं गोव्याचं जेवण म्हणजे सुकी मासळी, नदीखाडीतलं जे मिळेल ते, आणि रानातल्या भाज्या. मला हे जेवण किनाऱ्यावरच्या झगमगाटापेक्षा कितीतरी जास्त आवडलं.

झोपताना बाबांनी खिसे चाचपले. टेप नव्हता.

दिवस दुसरा

सकाळी पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, भोंप्यानं जाग आली. सायकलला मागे टोपली, निळं प्लास्टिक, आणि आत गरम पोई. माईंनी पातळभाजी केली होती, वाटाण्याची. पोई फाडायची, आतून वाफ येते, त्यात भाजी भरायची. बाबांनी चार खाल्ल्या आणि टेपचं दुःख तात्पुरतं मागे पडलं. तो पायऱ्यांवरच राहिला असणार, पावसात पळताना. "पंचवीस वर्षं होता माझ्याजवळ," एवढंच म्हणाले.

आज दिवाडी, मांडवीतलं बेट. माईंचा भाचा गाडी घेऊन आला होता. रायबंदरहूनही फेरी आहे, पण आम्हाला कमानीखालून जायचं होतं म्हणून जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून गेलो. पायी माणसाला फेरीचं तिकीट नाही. मांडवी पावसानं चहाच्या रंगाची झालेली, त्यातून मोठमोठे झाडांचे ओंडके वाहत होते, आणि फेरीवाला ते असे चुकवत होता जसे आपण रस्त्यातले खड्डे. मागे वळून पाहिलं तर झाडीतून फक्त मनोरे वर आलेले. एवढं मोठं शहर होतं इथे, आणि नदीवरून आता जंगल दिसतं.

दिवाडीच्या टेकडीवर पिएदादचं चर्च आहे. वरून चारी बाजूंना पाणी आणि खाजण, म्हणजे खाऱ्या पाण्याची दलदल. चर्चजवळच्या दफनभूमीत एक लहानसं कपेल, म्हणजे प्रार्थनाघर, आहे, तिकडे सहसा कोणी जात नाही. भाच्यानं आम्हाला आत नेलं आणि वर बघायला सांगितलं. छताला कदंब काळातली कोरीव दगडी शिळा! इथे आधी देऊळ होतं, त्याचा हा भाग तसाच आत राहिला. आजूबाजूला क्रूस, नावं, प्लास्टिकची फुलं, आणि डोक्यावर देवळाचं छत. आम्ही दोघं मान वर करून इतका वेळ उभे राहिलो की फुलं ठेवायला आलेल्या एका बाईंनीही वर पाहिलं. त्या म्हणाल्या, लहानपणापासून येते, पण पाहिलं नव्हतं कधी असं.

तिथून बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्वे. सप्तकोटेश्वर हा कदंबांचा देव, त्यांच्या नाण्यांवर त्याचं नाव असे. त्याचं मूळ देऊळ इथे दिवाडीवर होतं. पोर्तुगीजांनी १६व्या शतकात ते पाडलं. लिंग विहिरीच्या कामाला लावलं होतं आणि तिथून ते रातोरात पलीकडच्या तीरावर नेलं, असं सांगतात. मूळ जागी आता तळी आणि थोडे अवशेष, बाकी झाडोरा. पावसानं तळी काठोकाठ होती. एक आजोबा तिथे टोपलीत अळमी घेऊन बसले होते. ही रानातली अळंबी पावसाळ्यात वारुळांच्या आसपास उगवतात, शंभर-शंभरच्या जुड्या पानात बांधून विकतात, आणि भाव ऐकून बाबा दचकले. मी घेतली. प्रवासात नको तिथे काटकसर करण्यात अर्थ नाही.

मग फेरीनं पलीकडे, डिचोलीकडच्या नार्व्याला. गंमत बघा, नदीच्या दोन्ही काठांवर नार्वेच. देव पलीकडे गेला तर गावाचं नावही बरोबर गेलं, असं भाचा म्हणाला. हे देऊळ शिवाजी महाराजांनी १६६८ मध्ये बांधायला घेतलं. दारावर शिलालेख आहे, शके १५९०, 'शिवराज्ञा' हा शब्द सहज वाचता येतो. नुकताच जीर्णोद्धार झालाय. समोर दीपमाळ, आत धारालिंग, त्याला कंगोरे आहेत, नेहमीच्या गुळगुळीत पिंडीसारखं नाही. देवळात आम्ही आणि पुजारी, एवढेच. पुजाऱ्यांनी अंगारा दिला आणि विचारलं, ठाण्याहून फक्त यासाठी आलात?

"नाही," बाबा म्हणाले, "दरवाजासाठी."

पुजाऱ्यांनी वळून देवळाच्या दाराकडे पाहिलं. मग बाबांना सगळं सांगणं भाग पडलं. त्यांच्याशी बोलता बोलता एक गोष्ट माझ्या लक्षात आली. आदिलशहाच्या वाड्याचे दगड गेले, दरवाजा राहिला. इथे दगड तिकडेच राहिले, आणि देव तेवढा गेला. महाराजांनी मूळ जागी जाऊन दगड गोळा केले नाहीत, करताही आले नसते, ते बेट पोर्तुगीजांचं. त्यांनी आपल्या बाजूला, नवं दार लावून, नवं घर दिलं.

जेवण डिचोलीच्या एका खाणावळीत. शेवटे तळलेले, खाडीचे, काटे भरपूर. तायकिळ्याची भाजी, सोलकढी. अळमी रात्री माईंनी केली, खोबऱ्याचं वाटण लावून, शागोतीसारखी. मटण म्हणून वाढली असती तरी मी हूं की चूं केलं नसतं.

एक सूचना: दिवाडीवर रिक्षा मिळेलच असं नाही, आणि भाड्यानं मागे बसवून नेणारे मोटरसायकलचे पायलट पावसात वयस्क माणसाच्या उपयोगाचे नाहीत. गाडी फेरीवर चढवूनच न्या. आणि संध्याकाळी फेरीला कामावरून परतणाऱ्यांची गर्दी असते, तेव्हा चारच्या आत परता.

दिवस तिसरा

आज संध्याकाळची गाडी. सकाळ पणजीत घालवायची आणि वाड्याचे दगड शोधायचे, असा बाबांचा बेत. मी म्हटलं, "कसे ओळखणार?" म्हणाले, "बघू तर."

रायबंदरहून पणजीला जाणारा रस्ता हाच मुळात बघण्यासारखा आहे. खाजणातून गेलेला तीन किलोमीटरचा बांध, १६३३-३४ मध्ये काउंट द लिन्यारेश या विजरईनं बांधलेला. आजही बस त्यावरूनच जाते. खाली पाणी, बाजूला मिठागरं, वर बगळे. बाबांनी कंडक्टरला सांगितलं की हा पूल चारशे वर्षांचा आहे. कंडक्टर म्हणाला, "खड्डे पण तेवढेच जुने."

पणजीत पहिल्यांदा जुनं सचिवालय. हाही आदिलशहाचाच, त्याचा उन्हाळी वाडा. पोर्तुगीजांनी तो बदलून बदलून असा केला की आता पांढऱ्या भिंती आणि उतरती कौलं यांशिवाय काही कळत नाही. १७५९ नंतर विजरई इथे राहायला आले. म्हणजे जुन्या गोव्यात आदिलशहाचं घर सोडलं ते पणजीत आदिलशहाच्याच घरात. बाबांनी भिंतीला बोटाच्या पेरानं ठोकून पाहिलं. गिलावा. पुढच्या इमारतीला ठोकलं. गिलावा. मग तिसरीला. सुरक्षारक्षक आमच्याकडे बघायला लागला तशी मी त्यांना ओढून चर्चकडे नेलं.

पणजीच्या त्या पांढऱ्या, पायऱ्यापायऱ्यांच्या चर्चची मोठी घंटा बघितली तरी पुरे. ती जुन्या गोव्यातल्या सेंट ऑगस्टीनच्या मनोऱ्यातली. तो ४६ मीटर उंच मनोरा अर्धा पडलेला आजही उभा आहे, १८३५ मध्ये मठ ओस पडला. घंटा आधी आग्वादच्या दीपगृहावर गेली, मग १८७१ मध्ये इथे आली. बाबांना लगेच मेणवली आठवली. वाईजवळ मेणवलीच्या घाटावर वसईहून आणलेली पोर्तुगीज घंटा आहे ना, चिमाजी आप्पांच्या मोहिमेनंतरची. "आपण वसईची नेली, यांनी ऑगस्टीनची आणली. घंटेला काय, टांगायला तुळई मिळाली की झालं." पायऱ्या मात्र त्यांनी चढल्या नाहीत. खालूनच नमस्कार. मास्करेन्हासपंथी.

फोंतेन्यश या पणजीच्या जुन्या वस्तीत भिजत हिंडलो, निळ्या-पिवळ्या भिंती, दारातल्या कुंड्या, आणि दर दोन घरांआड फोटोसाठी उभी असलेली नवरानवरी. याबद्दल इतक्या जणांनी लिहिलंय की मी थांबते. एका टपरीवर मिरची भजी आणि चहा, ते मात्र विसरण्यासारखं नाही.

दोनच्या सुमारास सामान घेऊन माईंचा निरोप घेतला. त्यांनी बाबांच्या हातात कोकमाची पिशवी दिली. "देव बरें करूं," बाबा म्हणाले, दोन दिवसांत शिकलेलं एकमेव वाक्य. करमळीला जाताना रिक्षा सेंट पॉल कॉलेजच्या दरवाजाशी थांबवली. हीसुद्धा एकटीच उभी राहिलेली वास्तू: जांभ्याची भिंत, काळ्या दगडाचे खांब, मागे काही नाही. भारतातला पहिला छापखाना १५५६ मध्ये इथे आला. आपण आता बोटानं टाइप करतो त्याची सुरुवात म्हणायची तर या रिकाम्या कमानीमागे. हेही कॉलेज १९व्या शतकात पाडलं आणि त्याचंही सामान पणजीला गेलं. बाबा म्हणाले, "पणजी म्हणजे काय, जुन्या गोव्याची भंगारवाल्याकडची उधारी."

आणि मग अर्थातच रिक्षा वळवून पुन्हा चौकटीकडे. गाडीला दीड तास होता.

पायऱ्यांवर टेप नव्हता. गवतात नव्हता. बाबा दारातून आत गेले, उजवा पाय आधी टाकून, मी बाजूनं. झाडाखाली तो विजापूरवाला डबा खात बसला होता, भाकरी आणि शेंगाचटणी. आम्हाला बघून उठला, हात पुसले, आणि झाडाच्या खोबणीत प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेला टेप काढला.

"परवाच मिळाला. वापरला मी, हां," तो म्हणाला. खोलीवर छप्पर गळत होतं, त्यानं रात्री मोजून काढलं आणि तेवढाच निळा ताडपत्रीचा तुकडा काल बाजारातून कापून आणला. "बरोब्बर बसला. एक इंच इकडे नाही, तिकडे नाही."

"वरून बांधलंस कसं?" बाबांनी विचारलं.

"दगड ठेवले."

मी त्या दोघांकडे बघितलंच नाही, गवताकडे बघत राहिले. बाबा काही वेळ त्याला ताडपत्रीला उतार कसा द्यायचा ते समजावत होते, पाणी साचलं तर बोजा येईल, मधे बांबू घाल. मग टेप त्याच्या हातात परत दिला. "राहू दे तुझ्याजवळ. पाच मीटरपर्यंत जातो, पण चारच्या पुढे सरळ धर, वाकतो."

"आणि तुमची मापं?" मी विचारलं. "मोजायचा राहिला की दरवाजा."

"डोळ्यांनी मोजलाय," बाबा म्हणाले आणि रिक्षाकडे चालायला लागले. पाऊस पुन्हा आला होता.

गाडीनं रत्नागिरी सोडलं तरी ते अधूनमधून शर्टाच्या डाव्या खिशाला हात लावून बघत होते.